जोतीराव फुले व रात्रीची शाळा

ज्या घरांत अक्षर नाहीं, त्या घराचा हिशेब परका लिहितो. एकोणिसाव्या शतकांत दक्षिणेंतील कुणब्यानें हें दुःख पुरतें भोगिलें. सावकारानें खत लिहावें, कुणब्यानें खालीं नांगराची निशाणी करावी, आणि मुद्दल किती, व्याज किती, फेड किती झाली, हें त्यास मरेपर्यंत कळूं नये, अशी स्थिति होती. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं रयतेनें सावकारांविरुद्ध दंगा केला व तो नगर जिल्ह्यांतही पसरला. लोकांचा मुख्य नेम खतांवर व रोख्यांवर होता. तीं हिसकावून त्यांनीं जाळलीं. पुढें १८७९ त सरकारनें पुणें, नगर, सातारा व सोलापूर या चार जिल्ह्यांकरितां शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि सीना व भीमा यांच्यामधील आपला माढें तालुकाही त्याखालीं आला. खत नोंदलें जावें, फेडीची पावती मिळावी, असें त्यांत ठरलें. परंतु पावती वाचणारा घरांत नसेल, तर कायद्यानें काय करावें?

हें वर्म ज्या पुरुषानें त्या दंग्याच्या वीस वर्षें आधीं ओळखिलें, ते जोतीराव गोविंदराव फुले. त्यांचा जन्म १८२७ त माळी कुळांत झाला. कांहीं वर्षें शाळेंत गेल्यावर वडिलांनीं लोकांच्या सांगण्यावरून त्यांस काढून शेताच्या कामास लाविलें. मुलाची हुशारी वायां जाते, हें पाहून शेजारचे गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब या दोघांनीं गोविंदरावांची समजूत घातली. तेव्हां १८४१ त, चवदा वर्षांचे असतां, जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत पुन्हा पाटी घेऊन बसले. एक मुसलमान व एक ख्रिस्ती अशा दोन शेजाऱ्यांच्या आर्जवानें हें घडलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें त्यांनीं अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली, आणि असें काम आपल्या पुण्यांत व्हावें हें त्यांच्या मनानें घेतलें. पत्नी सावित्रीबाई यांस अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनीं त्यांस घरींच शिकविलें. पुढचा अभ्यास सखाराम परांजपे व केशव भवाळकर या मित्रांनीं करून घेतला. सन १८४८ त भिडे यांनीं आपल्या वाड्यांत जागा दिली, सदाशिव गोवंडे यांनीं मदत केली, आणि मुलींची शाळा उघडली. लोकांनीं फार छळ केला. शेवटीं वडिलांनीं या दांपत्यास घराबाहेर काढिलें, तेव्हां उस्मान शेख यांनीं आसरा दिला व फातिमाबाई शेख सावित्रीबाईंच्या जोडीनें शिकवूं लागल्या.

मुलांची सोय झाली, पण मोठ्या माणसांचें काय? दिवसभर जो औत धरितो किंवा ओझें वाहतो, त्यास दिवसाची शाळा कशी मिळणार? म्हणून १८५५ त जोतीराव व सावित्रीबाई यांनीं आपल्या राहत्या घरांत रात्रीची शाळा काढिली. शेतकरी व मोलमजुरी करणारीं माणसें काम आटोपून तेथें येत, आणि दोघें पतिपत्नी त्यांस शिकवीत. शाळेनें विद्यार्थ्याच्या वेळेस यावें, हा धडा त्यांनीं घालून दिला.

सन १८८२ त हंटर कमिशनपुढें त्यांनीं लेखी निवेदन दिलें. खेड्यांतील मुलांस मोडी व बाळबोध वाचन, लेखन, जमाखर्च, थोडें शेतकीचें ज्ञान, नीति व आरोग्य हीं शिकवावीं; आणि शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतले, वेळ पडल्यास नांगर धरणारे असावे, अशी त्यांची मागणी होती. मिशनच्या शाळेंत शिकूनही जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत. १८७३ त त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला. तरी विद्येच्या कामीं ज्यानें हात पुढें केला, त्याची जात किंवा धर्म त्यांनीं आड येऊं दिला नाहीं. ता. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. सावित्रीबाईंनीं काम चालू ठेविलें, व १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करितां करितां त्यांनींही देह ठेविला.

उपदेशक बंधूंनो, या चरित्रांत एकट्या माणसाचें काम कोठेंच दिसत नाहीं. कोणी वाडा दिला, कोणी वेळ दिला, कोणी बापाचें मन वळविलें. आपल्या गांवांतही असे हात आहेत. आज सावकाराच्या वहीच्या जागीं सोसायटीचें कर्जखातें, कारखान्याची वजनपावती व सातबाराचा उतारा आला आहे. ज्यास हे कागद वाचतां येत नाहींत, तो अजून अंगठाच उठवितो. तेव्हां गुरुजींस, सोसायटीच्या चिटणीसास व शिकलेल्या सुनांस हांक द्या. मंडळीच्या घरांत दिवा लावून, ज्याची त्याची पावतीच पहिला धडा म्हणून पुढें ठेवा. त्या रात्रीं दोनच माणसें आलीं, तरी शाळा सुरू झाली असें समजावें.