डॉ. जेम्स नेस्मिथ आणि कॅन्सस विद्यापीठाचा पहिला हंगाम

ज्या खेळासाठी संध्याकाळची घंटा होताच आमचे विद्यार्थी मैदानाकडे धाव घेतात, आणि ज्याच्या सामन्याच्या दिवशी गृहपाठ हटकून अपुरा राहतो, त्या बास्केटबॉलचा जनक हा ईश्वरविद्येचे शिक्षण घेतलेला एक मनुष्य होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्याहूनही थोड्यांस हे ठाऊक असते की, ज्याने हा खेळ निर्माण केला त्याच गृहस्थाच्या हाताखाली एका विद्यापीठाचा संघ नऊ हंगाम खेळला, आणि त्या नऊ हंगामांत त्या संघाचे जय थोडे व पराजय अधिक झाले. थोर पुरुषांची चरित्रे लिहिणारे बहुधा जयांचीच यादी देतात. आम्ही मात्र डॉक्टर जेम्स नेस्मिथ यांच्याकडे त्या पराजयांच्या बाजूनेही पाहण्याचे योजिले आहे. कारण त्यांचा स्वभाव तेथेच अधिक स्पष्ट दिसतो, असे आम्हांस वाटते.

नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडा देशातील ऑन्टॅरिओ प्रांतात, आल्मोंट गावाजवळ झाला. आईबाप स्कॉटलंडकडील वंशाचे, कष्टाळू व धर्मशील होते. १८७० साली विषमज्वराची साथ आली, व तीत थोड्याच अंतराने दोघेही निवर्तले. लहान वयातच जेम्स आपल्या भावंडांसह पोरका झाला. पुढे मामा पीटर यंग यांनी त्यांचा सांभाळ केला. हा मामा अविवाहित असून कडक शिस्तीचा होता. त्याच्याविषयीची एक गोष्ट सांगतात ती अशी : हिवाळ्यात लहानगा जेम्स घोड्यांची जोडी घेऊन गोठलेली नदी ओलांडत असता बर्फ फुटले व घोडी पाण्यात गेली. पोराने एकट्यानेच मोठ्या धडपडीने ती बाहेर ओढून काढली. दमून वर पाहतो तो जवळच्याच झाडांआड मामा उभा! त्याने सर्व प्रकार पाहिला होता, परंतु तो मदतीस धावला नव्हता. मुलाने अडचणीतून आपले आपण बाहेर पडावे असा त्याचा हेतू होता म्हणतात. आमच्या पालकवर्गातील मातांस हा मामा मुळीच आवडणार नाही, आणि त्यांस आम्ही दोष देणार नाही. परंतु वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तिचा धागा पुढे लागणार आहे.

जेम्स शाळेत फार चमकला असे नाही. मध्येच शाळा सोडून तो जंगलात लाकूडतोड्यांच्या टोळीत कामास गेला व तेथे काही वर्षे राबला. त्या काळात एके दिवशी तो मद्याच्या दुकानी उभा असता शेजारच्या वृद्धाने त्यास ओळखले, तू मार्गारेट यंगचा मुलगा ना असे विचारले, आणि तुझी आई तुला येथे पाहती तर तिला काय वाटले असते याची जाणीव करून दिली. त्याने पेला तसाच खाली ठेवला, तो पुन्हा म्हणून हाती धरला नाही. पुढे तो वयाने मोठा झालेला विद्यार्थी म्हणून लहान मुलांच्या बाकावर येऊन बसला, शाळेचा अभ्यास पुरा केला, आणि १८८३ साली मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात दाखल झाला. तेथून १८८७ साली तो पदवीधर झाला व नंतर प्रेस्बिटेरियन कॉलेजात ईश्वरविद्येचा अभ्यास करून १८९० साली बाहेर पडला.

धर्मोपदेशक होऊ पाहणारा हा तरुण फुटबॉल खेळे, आणि तोही कॅनडातील दांडगा फुटबॉल. सहाध्यायांस हे बिलकूल रुचत नसे. कित्येकांनी त्याच्या आत्म्याकरिता प्रार्थनाही केल्या! कधी कधी रविवारी व्यासपीठावर तो सुजलेल्या काळ्या डोळ्यांनी उभा राही, हे मंडळीस कसे वाटत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. परंतु एका सामन्यात त्याच्या शेजारचा गडी संतापून अपशब्द बोलला, आणि नेस्मिथ जवळ आहे हे ध्यानात येताच ओशाळून त्याने क्षमा मागितली. या लहानशा प्रसंगाने तरुणाच्या मनात विचारांची साखळी सुरू झाली. उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता, केवळ बरोबरीने खेळल्याने जर दुसऱ्याच्या जिभेस लगाम बसतो, तर मैदान हेही सेवेचे क्षेत्र का नसावे? व्यासपीठ सोडून व्यायामशाळा धरण्याचा त्याचा निश्चय येथून झाला.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात स्प्रिंगफील्ड येथे तरुण ख्रिस्ती संघाची, म्हणजे वाय. एम. सी. ए. ची, शिक्षणशाळा होती. तेथे नेस्मिथ प्रथम विद्यार्थी व मग शिक्षक झाले. व्यायामविभागाचे प्रमुख डॉक्टर ल्यूथर गुलिक हे मिशनरी घराण्यातील, होनोलुलू येथे जन्मलेले व नेस्मिथ यांच्याहून वयाने लहानच होते. १८९१ च्या हिवाळ्यात त्यांनी नेस्मिथ यांच्या गळ्यात एक अवघड काम घातले. अठरा जणांचा एक वर्ग होता. त्यास कवायतीचा वीट आला होता व दोन शिक्षक आधीच हात टेकून बसले होते. बाहेर बर्फ असल्यामुळे मैदानी खेळ बंद. छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत काढा, अशी गुलिक यांची आज्ञा झाली.

नेस्मिथ यांनी प्रथम जुनेच खेळ आत आणून पाहिले. फुटबॉलने गडी भिंतीवर आपटू लागले, आणि इतर खेळांचीही तीच गत झाली. मुदत संपत आली तेव्हा ते शांतपणे विचार करीत बसले. धक्काबुक्की का होते? गडी चेंडू घेऊन पळतो म्हणून त्यास पाडावे लागते. तर मग चेंडू घेऊन पळूच द्यावयाचे नाही. जोराने चेंडू का मारतात? गोल समोर उभा असतो म्हणून. तर मग तो आडवा करून डोक्यावर टांगावा, म्हणजे जोर निरुपयोगी होऊन नेम हवा. लहानपणी ते दगडावर दगड ठेवून तो दुरून दगड फेकून पाडण्याचा खेळ खेळत. आमच्या लगोरीचाच तो दूरचा नातेवाईक म्हणावा. त्यात जोराने फेकण्यापेक्षा वरून अलगद कमानीसारखा फेकलेला दगड अधिक कामी येई. ती आठवण येथे उपयोगी पडली. त्यांनी शाळेच्या नोकराकडे अठरा इंची चौकोनी खोकी मागितली. त्याजपाशी ती नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्यास ठोकल्या. सज्जा दहा फूट उंच होता म्हणून टोपली दहा फुटांवर गेली, व आजही ती तेवढ्याच उंचीवर आहे. तेरा नियम टंकलिखित होऊन फळ्यावर लागले आणि २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ गड्यांचा पहिला सामना झाला. त्या सबंध सामन्यात चेंडू टोपलीत एकदाच पडला. टोपलीस बूड असल्यामुळे तो काढण्यास शिडी लागे!

यानंतरची काही वर्षे आम्ही चटकन ओलांडतो. १८९४ साली त्यांचा विवाह मॉड शर्मन हिच्याशी झाला; स्त्रियांच्या अगदी आरंभीच्या सामन्यांत ती स्वतः खेळली होती. पुढे डेन्व्हर शहरी संघाचे काम सांभाळून त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला व १८९८ साली डॉक्टरीची पदवी मिळविली.

त्याच साली कॅन्सस विद्यापीठाचे प्रमुख फ्रान्सिस स्नो हे एका शिक्षकाच्या शोधात होते. त्यांस सकाळची उपासना चालविणारा व त्याचबरोबर विद्यार्थ्यांस व्यायाम शिकविणारा मनुष्य हवा होता. शिकागो येथील प्रसिद्ध फुटबॉलशिक्षक एमॉस स्टॅग यांनी आपल्या स्प्रिंगफील्डच्या जुन्या स्नेह्याचे नाव तारेने कळविले. तेव्हा लॉरेन्स गावी नेस्मिथ आले ते बास्केटबॉलचा संघ घडविण्यास नव्हे. प्रार्थना आणि प्रकृती या दोन गोष्टींसाठी त्यांस बोलाविले होते. परंतु खेळाचा निर्माताच आल्यावर विद्यार्थी स्वस्थ कसे बसतील? १८९९ च्या आरंभी विद्यापीठाचा संघ उभा राहिला.

या पहिल्या हंगामाची साधने पाहिली तर आजच्या मुलांस हसू येईल. विद्यापीठाच्या व्यायामशाळेची जागा एका इमारतीच्या तळघरात, आणि तिचे छत ठेंगणे. दहा फुटांवरच्या टोपलीत कमानदार चेंडू टाकावा तर तो छतास लागावयाचा. म्हणून गावातील चाकांच्या बुटांवरून घसरत फिरण्याच्या दालनात सामने खेळावे लागत. आसपास कॉलेजांचे संघ विरळ असल्यामुळे पुष्कळसे प्रतिस्पर्धी वाय. एम. सी. ए. च्या शाखांचे असत, व ते या खेळात आधीच मुरलेले होते. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्सस सिटी येथील शाखेशी पहिला सामना झाला, आणि खेळाच्या जनकाचा संघ ५ विरुद्ध १६ गुणांनी हरला! ज्याने नियम लिहिले त्याच्याच मुलांस, त्याच्यापासून निघालेला खेळ शिकलेल्या परक्या मुलांनी हरवावे, ही गंमत नेस्मिथ यांच्या विनोदी स्वभावास खचित कळली असेल. मुले मात्र खचली नाहीत. हंगामात एकंदर अकरा सामने झाले. त्यांपैकी सात जिंकले, चार गमावले. नव्या संघास ही कामगिरी थोडी नव्हती.

परंतु पुढील वर्षांत हे प्रमाण टिकले नाही. १९०७ पर्यंतच्या नऊ हंगामांत नेस्मिथ यांच्या संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. कॅन्सस विद्यापीठाच्या खेळशिक्षकांत जयांहून पराजय अधिक असलेले तेच एक आहेत. याचे कारण असे की, आज ज्यास आपण शिकविणे म्हणतो ते त्यांनी फारसे केलेच नाही. हा खेळ मुलांनी आपला आपण खेळावा, त्यात शिकवून घडविण्यासारखे काही नाही, असे त्यांचे मत होते. पुष्कळदा ते सामन्यात पंच म्हणून शिटी घेऊन उभे राहत, व पंच म्हणून आपल्या मुलांकडे यत्किंचितही झुकत नसत. शरीर घडविण्यास कुस्ती व कसरत त्यांस अधिक मोलाची वाटे. नदीकाठच्या झाडांआड उभा राहिलेला तो मामा आम्हांस येथे आठवतो.

हे मत आम्हांस सर्वस्वी पटत नाही, हे सांगितले पाहिजे. त्यांच्याच संघात खेळलेले फॉरेस्ट ॲलन यांनी खेळ शिकविता येतो हे सिद्ध करून दाखविले. १९०७ साली गुरूच्या जागी ते आले, मध्यंतरी काही वर्षे गेले, पुन्हा आले, आणि १९५६ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी कॅन्ससला जवळजवळ सहाशे सामने जिंकून दिले. शिक्षकाने नुसते पाहत राहावे, असे आम्ही कोणत्याही विषयात म्हणणार नाही. तथापि पराजयाच्या दुसऱ्या दिवशीही मुलांनी उपासनेस येऊन त्याच शिक्षकाच्या तोंडून शास्त्रवाचन ऐकावे व त्याच्या स्वरात काही फरक पडलेला नसावा, हेही एक शिक्षणच होते. गुरुशिष्यांचा लोभ अखेरपर्यंत कायम राहिला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात नेस्मिथ प्रथम मेक्सिकोच्या सरहद्दीवर कॅन्ससच्या पलटणीचे पाळक म्हणून गेले, व पुढे फ्रान्समध्ये वाय. एम. सी. ए. च्या वतीने सैनिकांची सेवा करून १९१९ साली परतले. १९२५ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले.

त्यांच्या उतारवयातील एक प्रकरण आम्हांस बर्लिनच्या सन्मानाहून मोठे वाटते. १९३३ साली जॉन मॅक्लेंडन नावाचा निग्रो विद्यार्थी कॅन्सस विद्यापीठात आला. वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची दारे त्यास बंद होती. ही भिंत पाडणे नेस्मिथ यांस साधले नाही, आणि ती पडली नाही ही त्या विद्यापीठाच्या नावास लागलेली काळिमाच होय. परंतु त्यांनी त्या मुलास आपल्या पंखाखाली घेतले, व्यायामशिक्षणाचे सर्व ज्ञान दिले, व पुढील वाट दाखविली. मॅक्लेंडन १९३६ साली पदवीधर झाले, आणि ज्यास संघात उभे राहू दिले नव्हते तोच पुढे देशातील श्रेष्ठ खेळशिक्षकांत गणला गेला. १९५७ पासून लागोपाठ तीन वर्षे त्यांच्या टेनेसीच्या संघाने लहान कॉलेजांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. खेळ शिकविता येत नाही म्हणणाऱ्या वृद्धाने खेळशिक्षक मात्र शिकवून तयार केले!

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. खेळशिक्षकांनी वर्गणी जमवून पंचाहत्तरीला टेकलेल्या नेस्मिथ यांस तेथे पाठविले. वीसहून अधिक देशांचे संघ उघड्या मैदानावर खेळले. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस कोसळला, मैदानाचा चिखल झाला व चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडास १९ विरुद्ध ८ गुणांनी हरविले. एक देश जन्मभूमी, दुसरा कर्मभूमी. विजयचिन्हे दोहोंस त्यांच्याच हस्ते मिळाली.

आमच्या देशासही या घराण्याचे ऋण आहे. स्प्रिंगफील्ड येथेच शिकलेले हॅरी बक यांनी १९२० साली मद्रास येथे वाय. एम. सी. ए. ची व्यायामशिक्षणशाळा स्थापिली, आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी हा खेळ भारतातील शाळाशाळांच्या अंगणांत नेला.

२८ नोव्हेंबर १८३९ च्या बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे २८ नोव्हेंबर १९३९ रोजी, लॉरेन्स येथे वयाच्या ७८ व्या वर्षी डॉक्टर नेस्मिथ यांचा अंत झाला. खेळापासून त्यांनी धन असे कधी मिळविले नाही, व त्याची त्यांस खंतही नसे. त्यांचे त्या खेळावरील पुस्तक मृत्यूनंतर, १९४१ साली, प्रसिद्ध झाले. स्प्रिंगफील्डच्या फळ्यावर लावलेले ते तेरा नियमांचे दोन कागद २०१० साली लिलावात निघाले, तेव्हा त्यांस त्रेचाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. कॅन्ससच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने ते विकत घेतले, आणि आता ते लॉरेन्स येथे, ॲलन यांचे नाव दिलेल्या क्रीडागृहाला लागून असलेल्या इमारतीत ठेविले आहेत. त्या क्रीडागृहातील खेळण्याच्या जागेस नाव आहे ते मात्र नेस्मिथ यांचे.