वाऱ्याशी तोल साधणारा माणूस : विल्बर राइट

विमानाचा शोध कोणी लावला, असे विचारले की शाळेतले पोरही राइट बंधूंचे नाव सांगते. उत्तर बरोबर असते, पूर्ण गुण मिळतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्रांशी माझा संबंध सायकलपुरताच. पण सोसाट्याच्या आडव्या वाऱ्यात प्रवासी विमान खाली कसे उतरवतात, हे कुतूहलाने वाचू लागले आणि त्या दोघा भावांतला थोरला, विल्बर, मला नव्याने भेटला. वाऱ्यात तोल कसा राखावा, हा त्याच्या साऱ्या आयुष्याचा प्रश्न होता.

आधी तो आडवा वारा समजून घेऊ. त्या भागात वारा बहुधा कुठून वाहतो हे पाहूनच धावपट्टीची दिशा ठरवतात, कारण समोरचा वारा उतरणाऱ्या विमानाला मदतच करतो. पण वारा काही नकाशा पाहून वाहत नाही. तो बाजूने आला की विमान रेषेवरून ढकलले जाते. वाहत्या नदीत समोरचा घाट गाठायचा तर नावाडी होडीचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो, तसे वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून ठेवतो. विमानाचा वेग ताशी २६० किलोमीटर आणि आडवा वारा ताशी ५५ किलोमीटर असेल, तर नाक सुमारे १२ अंश तिरके ठेवावे लागते. जणू खेकड्याची चाल! मात्र चाके अशी तिरकी टेकली तर त्यांच्यावर भलता ताण येतो. म्हणून जमीन अगदी जवळ आली की वैमानिक पायाने सुकाणू दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो आणि त्याच वेळी हाताने वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरतो. नाहीतर वारा त्या पंखाखाली शिरून विमान कलंडायचे. वाऱ्याकडची चाके आधी टेकतात, मग दुसरी. जमले नाही तर पुन्हा वर जायचे आणि नव्याने प्रयत्न करायचा.

हात आणि पाय यांचा हा जो मेळ, त्याची मुळे विल्बरच्या आयुष्यात आहेत.

त्याचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलगा हुशार, येल विद्यापीठात शिकायला जाण्याचे घाटत होते. पण अठराव्या वर्षी बर्फावर हॉकी खेळताना काठीचा तडाखा तोंडावर बसला, दात पडले आणि प्रकृती ढासळली. येल राहिलेच. पुढची तीनेक वर्षे तो डेटन गावी घरातच होता. वडिलांच्या पुस्तकसंग्रहात मन रमवीत होता आणि क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करीत होता. १८८९ साली आई गेली. विल्बरने शिकून कोणतीही पदवी मिळवली नाही. १८९२ मध्ये त्याने धाकट्या ऑर्व्हिलबरोबर सायकलींचे दुकान काढले.

१८९६ साली जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल ग्लायडरमधून पडून मरण पावला. पंखांना लोंबकळत, शरीर इकडून तिकडे झोकून तो तोल सांभाळीत असे. अखेर वाऱ्याने दगा दिला. विमान आपला तोल आपणच राखील असे बनवावे, असे त्या काळी अनेकांचे मत होते. विल्बरला वाटले, तोल राखणे हे चालवणाऱ्याचे काम, आणि त्यासाठी साधन त्याच्या हाती हवे. सायकल दुकानदाराला हे सुचावे यात नवल नाही. आमच्या गावाहून कॉलेजला येताना एक लांब पूल लागतो. पावसाळ्यात तिथे बाजूने वारा झोंबतो तेव्हा मी सायकल आपसूकच वाऱ्याच्या अंगाला झुकवते. हे ज्ञान सायकलमध्ये नसते, चालवणाऱ्याच्या अंगात असते.

३० मे १८९९ रोजी विल्बरने स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयीची पुस्तके मागवली. पक्षी पंखांची टोके पिळून तोल सावरतात हे त्याने पाहिले होते. तशीच पिळता येणारी पंखांची रचना दोघा भावांनी केली आणि हवामान खात्याच्या वाऱ्याच्या नोंदी पाहून १९०० साली किटी हॉकची वाळू गाठली. लोक वारा टाळतात. हे वारा शोधीत गेले.

१९०१ चे ग्लायडर मात्र फसले. खचलेला विल्बर घरी परतला, तो आपल्या हयातीत माणूस उडणार नाही असे म्हणतच. पण खचणे फार दिवस टिकले नाही. त्याच वर्षी दोघांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी बनवली आणि तिच्यात पंख्याने वारा सोडून पंखांचे सुमारे दोनशे छोटे नमुने तपासले. १९०२ मध्ये नवीच अडचण उभी राहिली. ग्लायडर कलला की कधी कधी खालच्या पंखाकडे घसरत जाई आणि वाळूत गिरकी घेऊन आदळे. मागचे सुकाणू हलते करावे, हे ऑर्व्हिलला सुचले. ते पंख पिळण्याच्या दोरांना जोडून टाकावे, ही सूचना विल्बरची. १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिनासह उड्डाण झाले. पहिले ऑर्व्हिलचे, १२ सेकंदांचे. चौथे विल्बरचे, ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. नंतर वाऱ्याच्या झोताने उभे विमान उलटवून मोडून टाकले!

माझ्या मते त्याहून महत्त्वाचे वर्ष १९०५ चे. त्या वर्षीच्या विमानात सुकाणू पंखांच्या दोरांपासून सोडवून त्याला वेगळा दांडा दिला. आता पंख एकीकडे आणि सुकाणू दुसरीकडे नेता येऊ लागले, आणि आडव्या वाऱ्यात उतरताना नेमके हेच लागते. ५ ऑक्टोबरला विल्बर ३९ मिनिटे हवेत होता.

८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल मां शहराजवळ त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि शंकेखोरांची तोंडे बंद झाली. पण १७ सप्टेंबरला अमेरिकेत ऑर्व्हिलचे विमान पंखा मोडून कोसळले. सोबतचा लेफ्टनंट सेल्फ्रिज ठार झाला; विमान अपघाताचा तो पहिला बळी. भाऊ जबर जखमी, आणि आपण समुद्रापार! चारच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, विल्बर पुन्हा उडाला आणि दीड तास हवेत राहिला. ते दीड तास त्याने कोणत्या मनाने काढले असतील?

पुढची वर्षे पेटंटच्या खटल्यांनी खाल्ली. ३० मे १९१२ रोजी विषमज्वराने तो गेला, पत्र लिहिले त्याला बरोबर तेरा वर्षे झाली त्या दिवशी. वय अवघे ४५.

आज पंख पिळत नाहीत, त्यांना हलत्या झडपा असतात. विमान यंत्राच्या साह्याने आपोआपही उतरू शकते. पण त्या स्वयंचलित उतरण्याला आडव्या वाऱ्याची मर्यादा असते. वारा ती मर्यादा ओलांडतो तेव्हा वैमानिकालाच हात घालावा लागतो. मित्रहो, वारा आपल्या बाजूचा असावा अशी इच्छा आपण सगळेच करतो. विल्बरच्या वाट्याला तो अठराव्या वर्षापासून बहुधा आडवाच आला. त्यात तोल राखायला तो शिकला, आणि त्याची ती शिकवणी आज शेकडो प्रवाशांना सुखरूप जमिनीवर आणते.