सुकुमार राय

बदक आणि साळिंदर मिळून झालेला प्राणी तुम्ही कधी पाहिला आहे काय? तो कोणत्याही रानात आढळणार नाही. परंतु बंगालमधील मुलांच्या तो चांगला परिचयाचा आहे. ज्या कवीने त्याला जन्म दिला, त्याचे नाव सुकुमार राय.

सुकुमारबाबूंचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्ता येथे झाला. त्यांचे वडील उपेंद्रकिशोर हे लेखक, चित्रकार व मुद्रणकलेचे जाणकार होते. घरात पुस्तके, रंग, कुंचले आणि छपाईची यंत्रे यांचा नित्य सहवास. विचित्र प्राणी कल्पून त्यांच्या गोष्टी भावंडांना सांगणे, हा लहानग्या सुकुमाराचा आवडता छंद होता.

पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र हे विषय घेऊन ते पदवीधर झाले. १९११ साली शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस गेले आणि लंडन व मँचेस्टर येथे छायाचित्रण व मुद्रण यांचे शिक्षण घेऊन १९१३ मध्ये परतले. त्याच वर्षी उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी ‘संदेश’ नावाचे मासिक सुरू केले होते. संदेश म्हणजे निरोप. आणि बंगालमध्ये एका गोड मिठाईलाही संदेशच म्हणतात. ज्ञान आणि गोडी यांचा मेळ घालणारे हे नाव किती समर्पक!

१९१५ साली वडिलांचे निधन झाले. छापखाना व मासिक यांचा भार सुकुमारबाबूंच्या खांद्यांवर आला. तो वाहत असतानाच त्यांची प्रतिभा बहरली. ‘संदेश’साठी ते कविता, कथा, नाटुकली आणि विज्ञानावरील सोपे लेख लिहीत, चित्रेही स्वतःच काढीत. त्यांच्या एका कथेत घामाने भिजलेला मुलगा रुमाल उचलावयास जातो, तो रुमालाचे मांजर झालेले! वरवर पाहता हा सारा वेडेपणा. परंतु पोकळ डौल मिरविणाऱ्या मोठ्या माणसांना त्यात हळूच चिमटेही काढलेले असत.

१९२१ साली त्यांना सत्यजित हा मुलगा झाला. त्याच वर्षी काळा-आजार या दुर्धर ज्वराने सुकुमारबाबूंना गाठले. रोग्यास सहज मिळेल असे खात्रीचे औषध त्या काळी नव्हते. शरीर दिवसेंदिवस खंगत चालले. पण अंथरुणावर पडल्या पडल्याही त्यांचे लेखन व चित्रकाम चालूच राहिले. आपल्या विनोदी कवितांचे ‘आबोल ताबोल’ हे पुस्तक ते याच स्थितीत सिद्ध करीत होते. रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या भेटीस आले व त्यांनी रुग्णशय्येपाशी बसून त्यांना आपली गीते ऐकविली.

१० सप्टेंबर १९२३ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, सुकुमारबाबूंची प्राणज्योत मालवली. त्यानंतर नवव्या दिवशी ‘आबोल ताबोल’ प्रसिद्ध झाले. ज्या पुस्तकाने बंगालमधील मुलांना पिढ्यान्‌पिढ्या हसविले, ते छापून तयार झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

सत्यजित तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. त्याला वडील भेटले, ते मुख्यतः त्यांच्या पुस्तकांतून. हाच मुलगा पुढे जगप्रसिद्ध चित्रपट-दिग्दर्शक झाला. १९६१ साली त्याने, बंद पडलेले ‘संदेश’ मासिक मित्राच्या साहाय्याने पुन्हा सुरू केले. आजोबांनी लावलेले आणि वडिलांनी जोपासलेले रोपटे असे पुन्हा पालवले.

स्वतः सुखात असताना दुसऱ्यास हसविणे सोपे असते. सुकुमारबाबूंनी आपली वेदना आपल्यापाशी ठेवली आणि मुलांना हसू तेवढे दिले.