सेकंड हँड गाडी आणि सर हेन्री रॉईस

रोल्स-रॉईस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजेमहाराजे, सिनेमातले श्रीमंत बाप आणि कोटींच्या घरातली किंमत येते. मेसचं बिल भरताना खिसा चाचपणाऱ्या आपल्यासारख्यांचा या नावाशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण या जोडनावातला दुसरा माणूस, म्हणजे हेन्री रॉईस, आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा जास्त गरिबीतून वर आला. आणि त्याच्या गाडीची गोष्ट सुरू होते ती एका जुन्या, आवाज करणाऱ्या, सेकंड हँड फ्रेंच गाडीपासून! म्हणून मला वाटतं, मित्रहो, हे चरित्र शोरूममध्ये जाणाऱ्यांपेक्षा आपणच जास्त वाचायला हवं.

हेन्रीचा जन्म २७ मार्च १८६३ चा, इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळच्या अल्वाल्टन या खेड्यातला. वडील पिठाची गिरणी चालवत. धंदा बुडाला आणि कुटुंब लंडनला आलं. हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील वारले. मग पेपर विकणं, घरोघर तारा पोचवणं अशी मिळतील ती कामं त्याने केली. या सगळ्यात शाळा म्हणावी अशी त्याला जेमतेम एक वर्ष मिळाली. आपण बारा वर्षं शाळा, वर सीईटी आणि त्यावर चार वर्षं इंजिनिअरिंग करतो, म्हणून हा आकडा मला विसरता येत नाही.

१८७८ साली त्याच्या मावशीने पैसे भरून त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लावलं. फी होती वर्षाला वीस पौंड. तिथे तो लेथ, फाईल, फिटिंग हे सगळं हाताने शिकला. पण तीन वर्षांनी मावशीचे पैसे संपले आणि अप्रेंटिसशिप अर्धवट राहिली. म्हणजे त्याच्याकडे शाळेचं सर्टिफिकेट नव्हतं आणि कारखान्याचंही पूर्ण झालेलं नव्हतं. त्याने लीड्समध्ये हत्यारं बनवणाऱ्यांकडे काम केलं, मग लंडनला एका वीज कंपनीत नोकरी धरली. त्या काळात वीज म्हणजे अगदी नवी गोष्ट होती. रात्री क्लासला जाऊन तो ती शिकला.

१८८४ मध्ये त्याने मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर स्वतःचं वर्कशॉप टाकलं. त्याची बचत वीस पौंड आणि भागीदार अर्नेस्ट क्लेअरमाँटचे पन्नास पौंड, एवढंच भांडवल. दोघं वर्कशॉपच्या वरच्याच खोलीत राहायचे. आधी विजेच्या घंटा आणि दिव्यांचं सामान, मग डायनॅमो, मग विजेवर चालणाऱ्या क्रेन असं काम वाढत गेलं. खोचून फिरवायचा दोन पिनांचा बल्ब आपण सगळ्यांनी कधी ना कधी लावलेला आहे. त्या प्रकारच्या होल्डरमधल्या सुधारणेचं पेटंट १८९७ साली रॉईसने घेतलं होतं. गाड्यांच्या आधी तो इलेक्ट्रिकलवाला होता, हे आपल्या मेकॅनिकलच्या मंडळींनी लक्षात ठेवावं!

मग दिवस पालटले. नव्या शतकाच्या सुरुवातीला मंदी आली, जर्मन आणि अमेरिकन कंपन्यांचा स्वस्त माल बाजारात आला. रॉईसच्या क्रेन चांगल्या होत्या पण महाग होत्या. त्याच सुमारास, म्हणजे १९०३ च्या आसपास, त्याने एक देकोव्हिल नावाची फ्रेंच गाडी घेतली. दोन सिलिंडरची, दहा हॉर्सपॉवरची, आणि सेकंड हँड. असं सांगतात की रेल्वेने आलेली ही गाडी स्टेशनवर सुरूच होईना, शेवटी माणसांनी ढकलत वर्कशॉपपर्यंत आणली. सेकंड हँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव ओळखीचा वाटेल.

आता अशी गाडी गळ्यात पडली की माणूस सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर विकणाऱ्याला शिव्या देत देत ती वापरतो, नाहीतर वरून पॉलिश मारून दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारतो. रॉईसने तिसरी गोष्ट केली. त्याने ती उघडली. एकेक भाग बाहेर काढला आणि प्रत्येक भाग आपलं काम नीट का करत नाही ते पाहिलं. खरं तर देकोव्हिल ही तेव्हाच्या मानाने वाईट गाडी नव्हतीच. तेव्हाच्या बऱ्याच गाड्या अशाच खडखडायच्या आणि लोकांनी ते मान्य केलेलं होतं. रॉईसला ते मान्य नव्हतं, एवढाच फरक.

आधी त्याने तीच गाडी सुधारून बघितली. मग ठरवलं की आपणच गाडी बनवायची. एक नाही, तीन. इथे मला सर्वात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. या तीन गाड्यांमध्ये जगाला माहीत नसलेला असा कुठला मोठा शोध नव्हता. त्याही दोन सिलिंडरच्याच आणि दहा हॉर्सपॉवरच्याच. फक्त इग्निशनची ठिणगी वेळेवर पडत होती, कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा नीट मिसळत होता, सायलेन्सर मोठा होता, गिअर नीट घासून बसवलेले होते. १ एप्रिल १९०४ ला पहिली गाडी वर्कशॉपमधून बाहेर पडली आणि तेव्हाच्या मानाने आश्चर्य वाटावं इतकी शांत चालली.

आपल्याला फायनल इयरच्या प्रोजेक्टला पहिला प्रश्न येतो तो म्हणजे यात नवीन काय? मग आपण ओढूनताणून काहीतरी नवीन दाखवतो, आणि व्हायव्हाच्या दिवशी ते मॉडेल चालत नाही. रॉईसला कुणी हा प्रश्न विचारला असता तर तो कदाचित नापास झाला असता! नवीन काही नाही, जुनंच आहे, पण चालतं. मला वाटतं, चालतं या शब्दाला आपण फार कमी मार्क देतो.

आता या गोष्टीत रोल्स येतो. चार्ल्स रोल्स हा एका लॉर्डचा मुलगा, केंब्रिजमध्ये इंजिनिअरिंग शिकलेला, लंडनमध्ये परदेशी गाड्या विकणारा. हेन्री एडमंड्स नावाच्या, दोघांनाही ओळखणाऱ्या माणसाने ४ मे १९०४ ला मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात दोघांची भेट घडवली. दोन सिलिंडरच्या गाड्या म्हणजे हादरे, असं रोल्सचं मत होतं. रॉईसच्या गाडीत बसल्यावर ते बदललं. रॉईस जितक्या गाड्या बनवेल तितक्या रोल्स विकेल, असं ठरलं आणि १९०६ मध्ये रोल्स-रॉईस लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली.

१९०७ ची त्यांची सहा सिलिंडरची गाडी पुढे सिल्व्हर घोस्ट या नावाने प्रसिद्ध झाली. रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली ती १५,००० मैल चालवली गेली, म्हणजे साधारण २४,००० किलोमीटर. त्यातले १४,३७१ मैल टायरचा त्रास सोडला तर ती एकदाही नाईलाजाने थांबली नाही. त्यानंतर ती पूर्ण उघडून भागांची झीज मोजली. झीज झालेले भाग बदलायला लागलेला खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ निघाला. मजबुतीसाठी रॉईस काय करायचा? चासीच्या महत्त्वाच्या जोडांना रिव्हेट न मारता हाताने रीम केलेल्या भोकात टेपर बोल्ट बसवायचा. गाडी खड्ड्यात आदळल्यासारखे हादरे देणाऱ्या मशिनवर भाग तपासले जायचे. आपण ज्याला फटीग म्हणून पाठ करतो, ते त्याला तुटलेले तुकडे हातात घेऊन समजलेलं होतं.

याचा आपल्या भागाशीही एक धागा आहे. १९०८ मध्ये पर्ल ऑफ द ईस्ट नावाची एक सिल्व्हर घोस्ट भारतात आणली गेली आणि मुंबई-कोल्हापूर मार्गावरच्या रिलायबिलिटी ट्रायलमध्ये उतरवली गेली. वाटेत घाट आणि तेव्हाचे रस्ते. तिने ती शर्यत जिंकली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. संस्थानिक या गाड्यांच्या मागे लागले ते पुढे, पण आधी ती आपल्या घाटात पास झालेली होती!

गाडी विकली की काम संपलं असं कंपनी मानत नव्हती. मालकांच्या ड्रायव्हरांना देखभाल शिकवायला तिने शाळा चालवली. कारण कितीही उत्तम बनवलेली गाडी वाईट हातात खराब होतेच.

पण सगळ्यांच्या गाड्यांची झीज मोजणारा हा माणूस स्वतःच्या शरीराची झीज मोजायला विसरला. कामात असला की तो जेवायचा नाही. त्याच्यामागे दुधाचा ग्लास घेऊन पोराला पाठवावं लागायचं असं सांगतात. १९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेला. त्यानंतर थोड्याच काळात रॉईसची तब्येत पूर्ण ढासळली आणि मोठं ऑपरेशन झालं. बायकोपासूनही तो वेगळा झाला. पुढची वीसेक वर्षं त्याने डर्बीच्या कारखान्यापासून लांब, आधी बराच काळ फ्रान्सच्या समुद्रकिनारी आणि मग इंग्लंडमधल्या वेस्ट विटरिंग गावात राहून डिझाईन केलं. ड्रॉइंग्ज पोस्टाने जायची-यायची. याच आजारी माणसाच्या हाताखाली ईगल हे विमानाचं इंजिन तयार झालं. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन यांनी अटलांटिक महासागर न थांबता पार केला तो दोन ईगल इंजिनांवर. १९३१ मध्ये त्याच्या आर इंजिनावर विमानाने ताशी ४०० मैलांचा टप्पा ओलांडला. १९३० मध्ये तो सर हेन्री झाला, तरी स्वतःला तो मेकॅनिकच म्हणवून घ्यायचा. २२ एप्रिल १९३३ ला तो वारला.

असो. आता आपल्या खिशाकडे येऊ. आपल्याकडे चार जण मिळून जुनी मारुती ८०० घ्यायचे बेत दर वर्षी होतात. रॉईसची पद्धत इथे लावली तर काय होईल?

पहिलं, गाडी बघण्याआधी ती ऐका. मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन स्वतः सुरू करा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. डिपस्टिकवर किंवा ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. टायर एकाच बाजूने झिजलेला असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन बघा. नवीन रंग, चकचकीत सीट कव्हर यांना शून्य मार्क.

दुसरं, कागद हाही गाडीचा एक भाग समजा. चासी नंबर आरसी बुकाशी जुळवा. कर्ज शिल्लक आहे का, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का, पंधरा वर्षं कधी पूर्ण होतात, हे बघा. आणि चौघांत गाडी असली तरी नाव एकाच्याच आरसीवर राहणार आणि अपघात झाला तर जबाबदारीही आधी त्याच्याच दारात येणार. म्हणून नाव ट्रान्सफर करायला चालढकल नको.

तिसरं, जमलेले सगळे पैसे गाडीच्या किमतीत घालू नका. साधारण पाचवा भाग पहिल्या महिन्यासाठी बाजूला ठेवा. ऑईल, फिल्टर, कूलंट, ब्रेक आणि बॅटरी हे आधी, म्युझिक सिस्टीम नंतर. आणि एक वही करा. किती किलोमीटरला काय बदललं, ते तारखेसह लिहा. रॉईस झीज मोजायचा, आपण निदान लिहून तरी ठेवू शकतो.

चौथं, मेकॅनिककडे गाडी टाकून चहाला जाऊ नका, शेजारी उभे राहा. आयटीआय करून गॅरेजमध्ये लागलेला आपल्याच वयाचा मुलगा आवाजावरून टॅपेट सेटिंग ओळखतो आणि आपण व्हॉल्व्ह टायमिंगची आकृती काढून दहा मार्क मिळवतो. यात कमी कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अर्धवट राहिलेल्या अप्रेंटिसशिपचा तो पोरगा आज इंटरव्ह्यूला आला असता तर आपल्या कॅम्पसमध्ये क्रायटेरियालाच बाद झाला असता. त्याच्याजवळ होते ते काळे झालेले हात, आणि खडखड सहन न होणारे कान.

आजच्या रोल्स-रॉईस गाड्या गुडवुडला बनतात. रॉईसचं वेस्ट विटरिंग तिथून थोड्याच मैलांवर आहे. ती गाडी आपल्याला परवडणार नाही, हे खरंच. पण ती जिच्यापासून सुरू झाली तसली गाडी आपल्याला नक्की परवडते. फक्त ती उघडायची तयारी पाहिजे.