अजिंठ्याच्या चित्रात ज्याला शोधलं गेलं, तो इराणचा बादशहा खुसरो परवेझ कोण होता?

छत्रपती संभाजीनगरचा शहागंज सगळ्यांना माहीत आहे. पण या नावातले दोन्ही शब्द फारसी आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल? शाह म्हणजे राजा आणि गंज म्हणजे खजिना. पुढे गंज हा शब्द बाजारपेठेसाठी रूढ झाला.

फारसी कथांमध्ये खजिन्यांसाठी गाजलेला शाह म्हणजे खुसरो परवेझ, म्हणजेच दुसरा खुसरो. शहरापासून साधारण शंभर किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याशीही त्याचं नाव जोडलं गेलं.

खुसरो इराणच्या ससानी घराण्यातला. इ.स. ५९० मध्ये दरबारातल्या सरदारांनी त्याच्या वडिलांना, चौथ्या होर्मिझ्दला, आंधळं करून गादीवरून उतरवलं आणि खुसरोला बसवलं. पण बहराम चोबिन या बंडखोर सेनापतीने राजधानी घेतली. खुसरो पळाला तो थेट शत्रूकडे, म्हणजे पूर्व रोमन बादशहा मॉरिसकडे. रोमन फौजेच्या मदतीने ५९१ मध्ये त्याने गादी परत मिळवली. बदल्यात त्याला आर्मेनियाचा मोठा भाग सोडावा लागला.

६०२ मध्ये मॉरिसचा खून झाला. उपकारकर्त्याचा सूड घेण्याचं निमित्त करून खुसरोने युद्ध पुकारलं. ६१३ मध्ये दमास्कस, ६१४ मध्ये जेरुसलेम आणि त्यानंतर इजिप्त त्याच्या ताब्यात आलं. त्याची फौज कॉन्स्टँटिनोपलच्या समोरच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली.

इथेच तो चुकला. ६१५ मध्ये रोमनांनी तहासाठी दूत पाठवले, तर त्याने दूतांनाच कैद केलं. जिंकलेलं राखून थांबायची संधी होती, ती त्याने घालवली.

६२६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा वेढा फसला. रोमन बादशहा हेराक्लियसने थेट इराणमध्ये मुसंडी मारली आणि ६२७ च्या डिसेंबरमध्ये निनेवेजवळ ससानी सैन्याचा पराभव केला. पाठोपाठ खुसरोचा दस्तगिर्दचा राजवाडा लुटला गेला. तरीही तो तहाला तयार होईना.

लढून थकलेल्या सरदारांनी शेवटी त्याच्याच मुलाला, शिरोयेला, पुढे केलं. खुसरोच्या इतर मुलांना ठार करण्यात आलं आणि ६२८ च्या फेब्रुवारीत खुद्द खुसरोलाही. ज्या पद्धतीने तो गादीवर आला, त्याच पद्धतीने गेला.

शिरोयेने तह करून जिंकलेला मुलूख परत दिला, पण काही महिन्यांत तोही वारला. खिळखिळं झालेलं साम्राज्य अरबांपुढे टिकलं नाही. ६५१ मध्ये शेवटचा बादशहा यझ्दगिर्द मारला गेला. त्याच्या राज्यारोहणापासून पारशी समाज आजही आपली वर्षं मोजतो.

मग अजिंठ्याचं काय? तिथल्या लेणी क्रमांक १ च्या छतावर उंच टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी लोक रंगवलेले आहेत. अरबीत लिहिणाऱ्या तबरी या इतिहासकाराने खुसरोकडे हिंदुस्थानच्या एका राजाचे दूत आल्याचं लिहिलंय. हा राजा म्हणजे चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी, असं अनेक अभ्यासकांनी मानलं. त्यावरून एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने चित्रातला माणूस खुसरोच असल्याचं मांडलं.

आज बहुतेक अभ्यासक हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकातलं मानतात. तेव्हा खुसरोचा जन्मही झाला नव्हता. मात्र इराणी पोशाखातली माणसं अजिंठ्याच्या चित्रकारांना त्याच्याही आधीपासून ओळखीची होती, हे त्या छतावरून दिसतं.