रोबेर्तो क्लेमेंते

रोबेर्तो क्लेमेंते वॉकर (१८ ऑगस्ट, १९३४ - ३१ डिसेंबर, १९७२) हे पोर्तो रिको येथील व्यावसायिक बेसबॉल खेळाडू होते. १९५५ ते १९७२ या काळातील सर्व १८ हंगाम ते अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधील पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच संघाकडून खेळले. ते उजव्या बाह्यक्षेत्राचे क्षेत्ररक्षक (राइट फील्डर) आणि उजव्या हाताचे फलंदाज होते. कारकिर्दीत ३,००० हिट पूर्ण करणारे ते ११ वे खेळाडू ठरले. निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदतसामग्री घेऊन जाणारे विमान समुद्रात कोसळून वयाच्या ३८ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. १९७३ मध्ये बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालेले ते पहिले लॅटिन अमेरिकी खेळाडू होत.

मेजर लीगचा हंगाम वसंतात सुरू होऊन शरद ऋतूत संपतो. हिवाळ्यात मैदाने बंद असतात आणि संघ खेळाडूंची निवड, करार व अदलाबदल यांत गुंतलेले असतात. कॅरिबियन बेटांवर मात्र याच महिन्यांत हिवाळी लीगचे सामने रंगतात. क्लेमेंते यांच्या आयुष्यात या दोन्ही हिवाळ्यांना महत्त्व आहे. पिट्सबर्ग संघात त्यांची निवड झाली तो दिवस आणि तो संघ त्यांना कायमचा मुकला तो दिवस, हे दोन्ही हिवाळ्यातील आहेत.

सुरुवातीचे जीवन

क्लेमेंते यांचा जन्म पोर्तो रिकोच्या कॅरोलिना नगरातील सान अँतोन या वस्तीत झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील मेल्चोर क्लेमेंते हे उसाच्या मळ्यात मुकादम होते, तर आईचे नाव लुईसा वॉकर होते. घरची परिस्थिती साधारण असल्याने लहानपणी रोबेर्तो यांनीही वडिलांबरोबर कामे केली. शालेय वयात ते भालाफेकीत निपुण होते. पुढे बाह्यक्षेत्रातून थेट बेसपर्यंत चेंडू फेकण्याची त्यांची ताकद प्रसिद्ध झाली, तिचे मूळ अनेकदा या सरावात शोधले जाते.

ऑक्टोबर १९५२ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, त्यांनी पोर्तो रिकोच्या हिवाळी लीगमधील सान्तुर्से संघाशी करार केला. या लीगमध्ये स्थानिक खेळाडूंबरोबर मेजर लीगचे नामवंत खेळाडूही खेळत. त्यामुळे तरुण क्लेमेंते यांना आपल्या बेटावरच उच्च दर्जाच्या खेळाचा अनुभव मिळाला.

ब्रुकलिन डॉजर्सशी करार

१९ फेब्रुवारी, १९५४ रोजी क्लेमेंते यांनी ब्रुकलिन डॉजर्सशी करार केला. त्यासाठी त्यांना १०,००० डॉलर बोनस देण्यात आला. तत्कालीन नियमानुसार ४,००० डॉलरपेक्षा अधिक बोनस मिळालेल्या नवोदित खेळाडूला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे. तसे न केल्यास हंगामानंतरच्या निवडप्रक्रियेत दुसरा कोणताही संघ त्याला अल्प रकमेत घेऊ शकत असे. श्रीमंत संघांनी चांगले खेळाडू कनिष्ठ संघांत साठवून ठेवू नयेत, हा या नियमाचा हेतू होता.

डॉजर्सने हा धोका पत्करून त्यांना माँट्रियल रॉयल्स या आपल्या कनिष्ठ संघात पाठवले. तेथे १९५४ च्या हंगामात ते ८७ सामने खेळले, परंतु त्यांना अनेकदा बाकावर बसावे लागले. इतर संघांच्या नजरेस ते पडू नयेत म्हणून डॉजर्सने त्यांना मुद्दाम झाकून ठेवले, असा समज दीर्घकाळ रूढ होता. नंतरच्या काही संशोधकांच्या मते मात्र त्यांना मुख्यतः डावखुऱ्या पिचरविरुद्ध खेळवले जात असे आणि त्यामागे संघाचे नेहमीचे डावपेच होते. घरापासून दूर, फ्रेंच व इंग्रजी भाषक शहरात पूर्ण संधीविना गेलेला हा काळ त्यांच्यासाठी कठीण होता.

२२ नोव्हेंबर, १९५४ ची निवड

पिट्सबर्ग पायरेट्सचे सरव्यवस्थापक त्या वेळी ब्रँच रिकी होते. डॉजर्समध्ये असताना त्यांनी जॅकी रॉबिन्सन यांना संघात घेऊन मेजर लीगमधील वर्णबंदी मोडली होती. रिकी यांचे सहकारी क्लाइड सुकफोर्थ यांनी माँट्रियल संघाच्या सामन्यांच्या वेळी क्लेमेंते यांची फेक आणि फलंदाजी पाहिली होती. १९५४ च्या हंगामात पायरेट्स नॅशनल लीगमध्ये शेवटच्या स्थानावर राहिले, आणि त्यामुळेच त्यांना निवडीचा पहिला मान मिळाला. २२ नोव्हेंबर, १९५४ रोजी त्यांनी अवघ्या ४,००० डॉलरमध्ये क्लेमेंते यांना आपल्याकडे घेतले.

या वेळी क्लेमेंते सान्तुर्सेकडून हिवाळी लीग खेळत होते. त्या संघात विली मेजही होते. फेब्रुवारी १९५५ मध्ये या संघाने काराकास येथील कॅरिबियन सिरीज जिंकली. याच हिवाळ्यात एका मद्यधुंद चालकाच्या गाडीने क्लेमेंते यांच्या मोटारीला धडक दिली. या अपघातात त्यांच्या पाठीला झालेली दुखापत पुढे आयुष्यभर त्रास देत राहिली.

पिट्सबर्गमधील कारकीर्द

१७ एप्रिल, १९५५ रोजी क्लेमेंते यांनी मेजर लीगमध्ये पदार्पण केले. त्यांना सोडून देणारा डॉजर्स हाच त्या सामन्यातील प्रतिस्पर्धी संघ होता. सुरुवातीला त्यांच्या पोशाखावर १३ क्रमांक होता. लवकरच त्यांनी २१ हा क्रमांक घेतला. रोमन लिपीत त्यांच्या पूर्ण नावात २१ अक्षरे येतात. पहिल्या हंगामात त्यांची फलंदाजी सरासरी ०.२५५ होती, दुसऱ्या हंगामात ती ०.३११ वर गेली. बेसबॉलमध्ये ०.३०० ची सरासरी, म्हणजे दर दहा प्रयत्नांत तीन हिट, उत्तम मानली जाते.

१९५८ च्या हंगामानंतरचा हिवाळा त्यांनी मैदानावर घालवला नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये ते अमेरिकेच्या मरीन कोरच्या राखीव दलात दाखल झाले आणि सहा महिने त्यांनी सक्रिय सेवा केली. या कठोर प्रशिक्षणामुळे त्यांची पाठदुखी कमी झाल्याचे सांगितले जाते. राखीव दलात ते १९६४ पर्यंत होते.

१९६० मध्ये पायरेट्सने न्यू यॉर्क यँकीजला ४-३ असे हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. क्लेमेंते यांनी सातही सामन्यांत हिट मारले. तरीही त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्यांना आठवे स्थान मिळाले. हा निकाल त्यांना अन्यायकारक वाटला. पुढील वर्षी ०.३५१ च्या सरासरीने त्यांनी नॅशनल लीगमधील सर्वोत्तम फलंदाजाचा मान पटकावला. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्येही हा मान त्यांनाच मिळाला. १९६६ मध्ये २९ होम रन करून ते नॅशनल लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्यांनी १९६१ ते १९७२ असा सलग १२ वर्षे मिळवला.

वर्णभेद आणि भाषा

क्लेमेंते कृष्णवर्णीय होते आणि त्यांची मातृभाषा स्पॅनिश होती. त्यामुळे अमेरिकेत त्यांना दुहेरी भेदभावाला तोंड द्यावे लागले. पायरेट्सचे हंगामपूर्व शिबिर फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथे भरत असे. तेथे गौरवर्णीय खेळाडूंच्या हॉटेलांत व उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. प्रवासात गोरे सहकारी आत जेवत असताना कृष्णवर्णीय खेळाडूंना बसमध्ये थांबावे लागे. क्लेमेंते यांनी याला हरकत घेतली आणि कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी स्वतंत्र मोटारीची मागणी केली.

वृत्तपत्रे त्यांचे इंग्रजी बोलणे उच्चारांसकट, हास्यास्पद वाटेल अशा स्पेलिंगमध्ये छापत. त्यांच्या दुखण्यांच्या तक्रारींना अनेकदा कांगावा मानले जाई. त्यांच्या चित्रांच्या कार्डांवर अनेक वर्षे त्यांचे नाव बॉब असे छापले गेले. ते स्वतः मात्र रोबेर्तो हेच आपले नाव असल्याचे सांगत राहिले. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांच्या अंत्यविधीपूर्वी न खेळण्याचा निर्णय पायरेट्सच्या खेळाडूंनी घेतला. त्यात क्लेमेंते यांचा पुढाकार होता. १ सप्टेंबर, १९७१ रोजी पायरेट्सने मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी खेळाडूंचाच समावेश असलेला संघ मैदानात उतरवला. क्लेमेंते त्या संघात होते.

पोर्तो रिकोतील हिवाळे

हंगाम संपला की क्लेमेंते पोर्तो रिकोला परतत. सान्तुर्सेनंतर ते काग्वास व सान हुआन या संघांकडून हिवाळी लीग खेळले. मेजर लीगच्या दीर्घ हंगामानंतर शरीराला विश्रांती आवश्यक असतानाही ते आपल्या प्रेक्षकांसमोर खेळत राहिले. सान हुआन संघाचे त्यांनी व्यवस्थापनही केले.

१४ नोव्हेंबर, १९६४ रोजी कॅरोलिना येथील चर्चमध्ये व्हेरा साबाला यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन मुलगे झाले आणि तिघांचाही जन्म पोर्तो रिकोतच झाला. हिवाळ्यात क्लेमेंते बेटावरील मुलांसाठी बेसबॉलची शिबिरे घेत. गरीब मुलांना विनामूल्य खेळता यावे यासाठी एक क्रीडानगरी उभारण्याची त्यांची योजना होती. २९ जानेवारी, १९७१ रोजी ह्यूस्टन येथे एक पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात, इतरांना मदत करण्याची संधी वाया घालवू नये, हा विचार त्यांनी मांडला.

१९७१ आणि १९७२ चे हंगाम

१९७१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पायरेट्सची गाठ बलाढ्य बाल्टिमोर ओरिओल्सशी पडली. पहिले दोन सामने गमावूनही पिट्सबर्गने मालिका ४-३ अशी जिंकली. ३७ वर्षांच्या क्लेमेंते यांनी पुन्हा सातही सामन्यांत हिट मारले. त्यांची सरासरी ०.४१४ होती. २-१ असा निकाल लागलेल्या अखेरच्या सामन्यात त्यांनी होम रनही केला. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्यांना मिळाला. विजयानंतरच्या दूरचित्रवाणी मुलाखतीत त्यांनी प्रथम स्पॅनिशमध्ये आपल्या आई-वडिलांना उद्देशून बोलण्याची परवानगी घेतली. लॅटिन अमेरिकेतील प्रेक्षकांच्या दृष्टीने हा क्षण अविस्मरणीय ठरला.

३० सप्टेंबर, १९७२ रोजी पिट्सबर्गमध्ये न्यू यॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅक यांच्या चेंडूवर त्यांनी ३,००० वा हिट मारला. नियमित हंगामातील हा त्यांचा अखेरचा हिट होता.

मानाग्वाचा भूकंप आणि मृत्यू

नोव्हेंबर १९७२ मध्ये क्लेमेंते पोर्तो रिकोच्या हौशी संघाचे व्यवस्थापक म्हणून निकाराग्वाची राजधानी मानाग्वा येथे गेले होते. तेथील मुक्कामात त्यांचा सामान्य लोकांशी स्नेह जुळला. ते घरी परतल्यानंतर काही आठवड्यांतच, २३ डिसेंबर रोजी, भूकंपाने हे शहर उद्ध्वस्त झाले. हजारो लोक मरण पावले आणि लाखो बेघर झाले.

क्लेमेंते यांनी गायिका रूथ फर्नांदेस यांच्यासह मदत समितीचे नेतृत्व केले. नाताळच्या दिवसांत सान हुआनच्या बेसबॉल मैदानावर अन्न, कपडे व औषधे गोळा केली जात होती. मात्र सोमोसा यांच्या राजवटीतील नॅशनल गार्डचे सैनिक मानाग्वात पोहोचलेली मदत हडप करत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आपण स्वतः हजर राहिलो तर सामग्री गरजूंच्या हाती पडेल, असा विचार करून क्लेमेंते यांनी विमानासोबत जाण्याचे ठरवले.

त्यासाठी एक जुने डीसी-७ मालवाहू विमान भाड्याने घेण्यात आले. ३१ डिसेंबर, १९७२ रोजी रात्री सुमारे ९ वाजून २० मिनिटांनी ते सान हुआनच्या विमानतळावरून निघाले आणि काही क्षणांतच अटलांटिक महासागरात कोसळले. विमानातील पाचही जण मरण पावले. क्लेमेंते यांचा मृतदेह मिळाला नाही.

नववर्षाच्या स्वागतासाठी जमलेल्या पोर्तो रिकोवर शोककळा पसरली. अनेक दिवस लोक किनाऱ्यावर येऊन थांबत होते. नव्या गव्हर्नरांच्या शपथविधीनिमित्तचे समारंभ रद्द करण्यात आले. पायरेट्सचे सहकारी प्रार्थनासभेसाठी पिट्सबर्गहून आले. त्यांचे मित्र व संघसहकारी मॅनी सांगियेन मात्र सभेला न जाता पाणबुड्यांबरोबर समुद्रात शोध घेत राहिले.

चौकशीत आढळले की विमानात मर्यादेपेक्षा सुमारे ४,२०० पौंड अधिक वजन होते. ते २ डिसेंबर रोजी धावपट्टीकडे जाताना अपघातग्रस्त झाले होते. मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकी सरकारवर दावा केला. जिल्हा न्यायालयाने विमान वाहतूक प्रशासनाला निष्काळजीपणासाठी जबाबदार धरले. परंतु १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

मरणोत्तर सन्मान आणि वारसा

हॉल ऑफ फेमसाठी खेळाडूच्या निवृत्तीनंतर पाच वर्षांची प्रतीक्षा आवश्यक असते. क्लेमेंते यांच्यासाठी ही अट शिथिल करून विशेष मतदान घेण्यात आले. १९३९ मध्ये आजारी लू गेरिग यांच्यासाठी असेच विशेष मतदान झाले होते. २० मार्च, १९७३ रोजी जाहीर झालेल्या निकालात ४२४ पैकी ३९३ मते क्लेमेंते यांच्या बाजूने पडली. ६ ऑगस्ट, १९७३ रोजी त्यांचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. त्याच वर्षी पायरेट्सने त्यांचा २१ हा क्रमांक निवृत्त केला.

समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला मेजर लीगकडून दिल्या जाणाऱ्या वार्षिक पुरस्काराला १९७३ पासून क्लेमेंते यांचे नाव आहे. २००३ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम देण्यात आले. त्यांनी योजलेली क्रीडानगरी कॅरोलिना येथे व्हेरा क्लेमेंते यांच्या प्रयत्नांतून साकार झाली. पिट्सबर्गमधील एका पुलाला त्यांचे नाव असून पायरेट्सच्या पीएनसी पार्क मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. ते ज्या बाजूला क्षेत्ररक्षण करत, त्या उजव्या बाह्यक्षेत्रामागील या मैदानाची भिंत २१ फूट उंच ठेवण्यात आली आहे.

आकडेवारी

मेजर लीगमधील १८ हंगामांत क्लेमेंते २,४३३ सामने खेळले. त्यांच्या नावावर ३,००० हिट, १६६ ट्रिपल आणि २४० होम रन आहेत. त्यांनी १,३०५ धावा घडवून आणल्या. त्यांची कारकिर्दीतील फलंदाजी सरासरी ०.३१७ आहे. बाह्यक्षेत्रातून फेक करून २६६ वेळा प्रतिस्पर्ध्यांना बाद करण्यात त्यांचा वाटा होता.