टाळ, गिटार आणि टिळक
आजचा पाठ : मत्तय ५ ते ७



वर्क फ्रॉम होममुळे सध्या परभणीलाच आहे. परवा तरुण संघाच्या प्रॅक्टिससाठी गिटार काढली, तेव्हा आजीने विचारलं की चर्चमधले टाळ कुठे गेले. कपाटात आहेत, आमच्या गाण्यांना ते जमत नाहीत, असं मी सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. पण तिचं जुनं 'उपासना संगीत' तिथेच उघडं होतं आणि पानापानावर एकच नाव दिसत होतं. त्यात दोनशेच्या वर गीतं ज्यांची आहेत, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. ब्राह्मण घर, वडील तापट. आई लवकर गेली आणि मुलगा नाशिकला आला, संस्कृत शिकला, कविता करू लागला. पुढे नोकऱ्या धरल्या नि सोडल्या. एका जागी टिकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. त्याचं नाव टिळकांनी विचारलंच नाही! वाचता वाचता ते आपल्या आजच्याच पाठापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. मीही हा पाठ दरवर्षी वाचतो, टिक मारतो, पुढे जातो. असो.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. साक्षीच्या सभेत आपण गोष्ट इथेच संपवतो. पण नातेवाइकांकडे राहणाऱ्या लक्ष्मीबाईंना त्या दिवसाची कल्पनाही नव्हती. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून परका झाला, आणि जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळे राहिले. त्या नगरला आल्या तेव्हाही सोवळं, पाणी, स्वयंपाक सगळं वेगळं ठेवून. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचं मन वळल्यावर. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त इतकं हसत हसत लिहिलंय की वाचताना राग आधी मला आला. टिळकांचा विश्वास खरा होता, यात शंका नाही. पण त्याची किंमत आधी त्यांच्या बायकोने मोजली, हे मला नजरेआड करता येत नाही.

टिळकांनी धर्म बदलला, चाल मात्र बदलली नाही. नगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच रुजवलं होतं. तरी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतंही गायली जात. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली. तुकोबा त्यांना परके वाटलेच नाहीत, उलट ख्रिस्तापर्यंत येण्याची वाट तुकोबांकडूनच गेली असं ते मानत. आपल्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला दळण-कांडणात सोबतीला बोलावते, तीच सलगी टिळकांच्या गीतांत येशूशी आहे. म्हणून तर आजीला ती पाठ आहेत.

१९०४ मध्ये ते दीक्षित पाळक झाले. सेमिनरीत शिकवलं, 'ज्ञानोदया'चं मराठी अंग सांभाळलं. पैसा हातात टिकत नसे, पण घरात माणसं कायम; बालकवीही त्यांच्याकडे राहिले. मग १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची पगारी नोकरी सोडून दिली. हातात दुसरी ऑफर नसताना! साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूच्या मागे जाणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती. हे पुष्कळांना रुचलं नाही, आणि चालवायला वेळही मिळाला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

मागे 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. सुरुवातीचे थोडे अध्याय त्यांच्या हातचे. पुढचे साठाहून अधिक लक्ष्मीबाईंनी लिहून ते पुरं केलं. शाळेत कधी न गेलेल्या, आणि एकेकाळी त्यांच्या घरातलं पाणीही वेगळं ठेवणाऱ्या लक्ष्मीबाईंनी.

आज सात वाजता प्रॅक्टिस आहे. टाळ मी कपाटातून काढलेत. एका जोडीची दोरी तुटलीय, तेवढी जाताना बाजारातून घ्यायची आहे.